गुळवेलीला दिलेलं आवतण

अगं थांब, आधी हे ऐक, मग तुझं सांग. आत्ता बागेबाहेरच्या रसवाल्या मावशींकडे गेले होते. म्हटलं, कडुनिंबाचा एक ग्लास द्या, गुळवेलीचे दोन. त्यांनी विचारलं, काय होतंय? म्हटलं, काहीच नाही, होऊ नये म्हणून. तर बाईंनी ग्लास बाजूला ठेवला आणि ही गोष्ट सांगितली. भर उन्हात काटा आला माझ्या अंगावर.

एका गावात गेनू नावाचा सुतार होता. धडधाकट, पण आजाराला भयंकर घाबरायचा. कुणाच्या घरी ताप आला की दारावरून जाताना श्वास रोखून धरायचा. बायको म्हणायची, "अहो, तापाच्या आधी गुदमरूनच जाल."

त्या गावात औषधाची वेल अशीच तोडत नसत. आदल्या संध्याकाळी तिच्या बुंध्याशी हळद लावलेले तांदूळ ठेवायचे आणि आवतण द्यायचं, की अमक्याला अमका आजार आहे, उद्या न्यायला येतो. बरं वाटलं की परत जाऊन सांगायचं, काम झालं. झाडपाल्याचं औषध देणारी साळूआजी हे प्रत्येकाला बजावायची.

गेनू गेला गुळवेलीकडे. आता आजाराचं नाव काय सांगणार? म्हणाला, "मला काही झालेलं नाही. कधीच काही होऊ नये, म्हणून ये."

आणि वेल आली ना. रोज सकाळी तांब्याभर काढा. वर्षभर साधी सर्दी नाही. गाव तापाने फणफणलं, हा ठणठणीत. मग हळूहळू त्याची भूक गेली. घाम यायचा थांबला. डाससुद्धा अंगावर बसेनात. बायकोने हात धरला, तर झाडाच्या सालीसारखा गार लागला. एका दुपारी तो तिला अंगणात उभा दिसला, डोळे मिटलेले, आणि ऊन सरकेल तसा जागच्या जागी वळत होता. तिने खाली पाहिलं. टाचांमधून हिरवे धागे निघून मातीत शिरले होते.

तिने धावत जाऊन साळूआजीला आणलं. आजीने ते धागे बघितले आणि हात नाही लावला.

"औषध आजार शोधत येतं, बाळा," ती गेनूला म्हणाली. "तू त्याला आजार दिलाच नाहीस. मग त्याने तुलाच धरलं."

उपाय एकच होता. त्याने स्वतःच्या तोंडाने वेलीला निरोप द्यायचा. म्हणायचं, मी माणूस आहे, मी कधीतरी आजारी पडेन, तेव्हा बोलावीन, आता जा.

एवढंच. बायकोने हात जोडले. "म्हणा ना, अहो. पडलात आजारी, तर मी आहे ना करायला."

गेनूने तोंड उघडलं. "मी कधीतरी..." इथवर आला. पुढचा शब्द काही निघेना. ऊन उतरेपर्यंत ती त्याच्यासमोर बसून राहिली. तोंड तसंच उघडं. मग त्या ओठांमधून एक कोवळं पान बाहेर आलं.

अजून आहे म्हणे ती वेल त्या अंगणात. कीड नाही, पान पिवळं पडणं नाही. येणारेजाणारे बायकोला विचारतात, कसे आहेत गेनू? ती म्हणते, "बरे आहेत. त्यांना काही होतच नाही."

तर याचं तात्पर्य: झाडपाला आजारापुरता घ्यावा. आजाराच्या भीतीवर त्याच्याकडे औषध नाही.

आता खरं सांग, तू पूर्ण केलं असतंस का गं ते वाक्य?