डावी बरगडी

“पन तीच का, मावशी? दुसरी कुनीबी द्या माझ्यासंगं.”

“बायजाच जाईल.”

“तिच्यापरीस मी एकटी जाते.”

“गेली हुतीस की सकाळी. काय झालं?”

हौसाने तोंड फिरवलं. सकाळी ती एकटीच काठी घेऊन धुक्यात शिरली होती, आणि थोड्या वेळाने डावी बरगडी दाबत, भेलकांडत, पुन्हा त्याच हिरड्याच्या झाडापाशी बाहेर पडली होती. साऱ्या वाडीने ते पाहिलं. जिऊमावशीला डोळ्यांनी फारसं दिसत नसे, तरी तिनेही पाहिलं होतं.

घाटमाथ्यावरच्या त्या वाडीत खिंडीची वाट राखायचं काम पहिल्यापासून बायकांकडे. खिंडीत चकवा होता. धुकं उतरलं की तो वाटसराला त्याच्याच माणसाच्या आवाजात हाक मारी. हाकेमागे गेलेला माणूस मग त्याच त्याच जागी फिरत राही, पाय थकेपर्यंत. थकून खाली बसला की संपला. पुरुषांना हाक आली की ते तरातरा निघतात, बायकांना हाक ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय असते, असं वाडीतल्या बायका म्हणत. वाडीतले पुरुष ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

या बायकांना काठी शिकवायची ती जिऊमावशी. तिच्या हाताखालून गेलेली पोर पुढे धुक्याला भ्यायची नाही.

काल दिवस मावळताना पांडबाचा बैल एकटाच घरी आला होता. पाठीवर मिठाची गोणी तशीच. पांडबा, म्हणजे हौसाचा बाप, मागे नव्हता. त्याचा एक पाय अधू. तो पाय कुठवर चालेल, हा विचार हौसाच्या मनात येत होता आणि ती तो हाकलून देत होती.

“मावशी, बाबा तिकडं चालतोय...”

“ठाव हाय. म्हनून तर बायजाला बोलावलंय.”

बायजा केव्हाची बाहेर, मावशीच्या घराच्या कुडाला टेकून उभी होती. आत यायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ती आपणहून येणाऱ्यांतली नव्हती. हौसाचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. लहानपणापासून आखाड्यात समोरासमोर उभ्या राहिल्या त्या कधी शेजारी उभ्या राहिल्याच नाहीत. पाण्यालासुद्धा एक वरच्या विहिरीवर जाई, दुसरी खालच्या.

“चकवा उघडी जागा हुडकतो,” मावशी म्हणाली.

“माझी एकबी जागा उघडी न्हाई,” हौसा म्हणाली.

मावशी हसली. मग तिने चुलीवरून वाटी उतरवली. वाटीत तेलात कालवलेली हळद होती, वाफ येत होती.

“बस. पाठ कर हिच्याकडं.”

हौसाला कळलं आणि तिचा चेहरा उतरला.

मावशीच्या आखाड्याचा एकच रिवाज होता. ज्या हाताने टोला दिला, त्याच हाताने हळद लावायची. मग ती कोणी असो, सासू असो की सून. खेळ संपला की आखाड्यात सगळ्या जणी एकमेकींची मनगटं, पोटऱ्या धरून बसलेल्या असत आणि तिथे लढाईपेक्षा गप्पांचाच आवाज जास्त असे. या दोघींनी मात्र तो रिवाज कधी पाळला नाही. आपापली हळद घरी नेत आणि आपली आपण लावत. मावशीला कळत नसेल असं त्यांना वाटायचं.

“इतकी वर्सं तुझ्या बरगडीला हळद कोन लावतंय?” मावशीने विचारलं.

“माझी मीच.”

“तितं मागं हात पोचतो?”

“...पोचतो.”

पोचत नव्हता. बोटांची टोकं कशीबशी लागत आणि हळद अंथरुणाला पुसली जाई. ही गोष्ट हौसाने आईलाही सांगितली नव्हती.

“मावशी, माघारी येऊन लावू की! आत्ता येळ हाय का...”

“लाव, बायजा.”

बायजा आत येऊन हौसाच्या मागे बसली. तिने हौसाच्या चोळीची गाठ सोडली, बोटं वाटीत बुडवली आणि तिच्या डाव्या बरगडीवर टेकवली. टेकवली आणि तिथेच थांबली.

एका वळावर दुसरा वळ, दुसऱ्यावर तिसरा. काही पिवळे पडलेले, काही काळेनिळे, काही इतके जुने की कातडीच जाड झालेली. सगळे तळहाताएवढ्या जागेत. त्यांच्या मधोमध सकाळची चकव्याची खूण, बर्फासारखी गार.

“ह्ये समदे... माझेच?”

“मग काय? दुसऱ्या कुनाची काठी लागती का मला?”

हौसा हे तोऱ्यात म्हणाली. पण बायजाची बोटं फिरू लागली, आणि ती इतकी हलकी फिरत होती की हौसाला रागावणं जड जाऊ लागलं. आपल्याला हे माणूस आवडत नाही, असं तिने मनाशी घोकून पाहिलं.

“आता तू,” मावशी म्हणाली.

हौसाने बायजाचा उजवा हात ओढला. तिचा टोला नेहमी तिथेच बसायचा, मनगटावर. वार करून झाला की बायजाचं मनगट क्षणभर सैल पडतं, हे जगात एकट्या हौसाला ठाऊक होतं, आणि याचा तिला केवढा अभिमान. पण तिने ते मनगट हातात कधी घेतलं नव्हतं. हाड एका बाजूला वाकडं बसलं होतं.

“ह्ये कवा झालं?”

“झालं असंल शिमग्याला.”

“मोडलं हुतं?”

“व्हय.”

“बोलली न्हाईस.”

“तुला येऊन सांगू?”

हौसा हळद लावत राहिली, जरा जास्तच वेळ.

“झालं. जाते मी,” शेवटी ती उठली.

“वाळू दे,” मावशी म्हणाली.

“मावशी!”

“वाळू दे, बाय.”

आणि त्या दोघी वाळवत बसल्या. खिंडीकडून वारा आला की हौसाला अधू पायाची फरफट ऐकू आल्यासारखी वाटे. बायजा मनगटावर फुंकर घालत होती. मधेच तिने मान वळवून हौसाच्या बरगडीवरही एक फुंकर घातली, आणि लगेच दुसरीकडे पाहू लागली.

धुकं दुपारीही उठलं नव्हतं. हिरड्याच्या झाडापुढे दोन हातांवरचं दिसेना. दोघी आत शिरल्या तशी समोरून हाक आली.

“हौसे... इकडं ये गं...”

बाबाचाच आवाज. हौसाने ओठ चावला आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तरी पाऊल पुढे पडलंच, आणि तेवढ्यात उजवीकडच्या धुक्यात काहीतरी उभं राहिलं. माणसाएवढं. पाय जमिनीला न टेकलेले.

दोघींनी पवित्रा घेतला. आणि काय घेतला! इतक्या वर्षांची सवय. दोघी वळल्या त्या एकमेकींच्या समोर उभ्या राहिल्या. काठीवर काठी खाडकन आदळली. धुक्यात कोणीतरी पांडबाच्या आवाजात हसलं.

“अगं मला काय मारतीस!”

“तूच आलीस आडवी!”

गार झोत दोघींच्या मधून गेला. हौसा कोलमडली, उठली. हसू आता चहूकडून येत होतं. तिला आपल्या खांद्यामागे काहीतरी टेकलेलं जाणवलं. ती दचकून वळणार, तोच हळदीचा वास आला. बायजाची पाठ होती.

“तू काठी फिरवलीस की तुझी डावी बाजू उघडी पडती,” बायजा धापा टाकत म्हणाली.

“ठाव हाय मला.”

“तुला ठाव असतं तर इतके वळ पडले नसते. फिरव तू.”

“आन मग डावीकडं?”

बायजाने काठीवरची पकड आवळली.

समोरून ते आलं. हौसाने काठी फिरवली. सारी ताकद लावून, मागे काही न ठेवता फिरवली, आणि फिरवतानाच तिला कळलं की डावी बाजू सताड उघडी पडली. डाव्या अंगाला धुकं दाटलं.

आणि तिला तो आवाज ऐकू आला. बायजाच्या काठीचा. अंगाअंगाला ओळखीचा, आता बरगडीत कळ उठणार असं सांगणारा. ती टाळायला सरकली असती. पहिल्यापासून तशीच तर सरकत आली होती आणि तरी मार खात आली होती. या वेळी ती जागची हलली नाही. तिने डोळे मिटून घेतले.

कळ उठली नाही.

किंकाळी उठली, ती माणसाची नव्हती. हौसाने डोळे उघडले. बायजाची काठी तिच्या बरगडीला घासून, नेमक्या त्याच जागी, धुक्यात रुतली होती. आणि बायजाचं मनगट सैल पडलं होतं, नेहमीसारखं. त्या मनगटावर पांढरं काहीतरी झडप घालत होतं.

हौसाला विचार करावा लागला नाही. हात आपोआप गेला, जसा तो नेहमी जायचा, आणि टोला त्या पांढऱ्यावर बसला.

धुकं वाळल्या कातड्यासारखं टरकन फाटलं. चकवा मरत नाही म्हणतात. पण त्या दिवशी त्याने जन्मात खाल्ला नसेल असा मार खाल्ला.

पांडबा पुढच्याच वळणावर होता. एका दगडाभोवती वाट पडली होती, तिच्यावरून तो पाय ओढत चालत होता. वहाणा झिजून गेल्या होत्या.

“आलीस व्हय?” तो लेकीला म्हणाला. “अगं, घर आलंच की आता. ह्ये एवढं वळान...”

हौसाने त्याला मिठी मारली आणि ती मोठ्याने रडली. बायजा जराशी बाजूला उभी राहून काठी पुसत होती. मग पांडबाचा एक हात हौसाने खांद्यावर घेतला आणि दुसरा कोणी घ्यायचा याची चर्चा झाली नाही. बायजाने घेतला.

त्यानंतर दोघी एकाच विहिरीवर दिसू लागल्या. वाडीला बोलायला विषय मिळाला.

पांडबा हिंडूफिरू लागला तसा आखाडा पुन्हा सुरू झाला. मावशी चुलीपाशी बसून होती, कान आखाड्याकडे. हौसा आणि बायजा समोरासमोर उभ्या राहिल्या. काठ्या घुमल्या. हौसाने पूर्ण जोराने काठी फिरवली, डावी बाजू उघडी पडली, बायजाची काठी सणसणत आली...

आणि बरगडीच्या अलीकडे थांबली.

जो आवाज व्हायचा तो झाला नाही, हे मावशीला ऐकू आलं.

“का गं थांबलीस?”

बायजाने मान खाली घातली.

“मावशी... आता हिला मारवत न्हाई.”

हौसाने काठी खाली केली. तिचेही डोळे भरून आले होते. बायजाला काहीतरी गोड बोलावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मावशीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. वाटी उचलून नाकाशी नेली, वास घेतला, पुन्हा विस्तवावर ठेवली.

“मार,” ती हळूच म्हणाली. “हळद तापलीया.”