आत्याची काकणं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. गावाच्या टोकाला एका माळ्याची बाग होती, आणि त्या माळ्याला सगुणा नावाची एकुलती एक मुलगी होती.

सगुणाला आई नव्हती. तिला वाढवलं आत्यानं, आणि तेही घरात कमी नि बागेत जास्त. रोप मातीसकट कसं उचलायचं, मोगऱ्याचं पाणी कधी तोडायचं, हे ती चालायला लागली तेव्हापासून शिकत होती. आत्याच्या हातांत जाड पितळी काकणं असत. ती खळखळली की वारा नसतानाही बाग हलायची. सगुणाला त्याचं नवल वाटत नसे. लहान मुलांना असल्या गोष्टींचं वाटत नाहीच.

त्या घरात एक रीत होती. झाडाला न सांगता काही करायचं नाही. रोप हलवायचं तर आदल्या दिवशी सांगायचं, फांदी छाटायची तर हात लावून सांगायचं. आणि पाणी घालणारं माणूस गेलं, तर घरच्यानं प्रत्येक झाडापाशी जाऊन तेही सांगायचं. आत्या म्हणायची, "झाडाला दुःख सोसतं गं बाई. फसवणूक सोसत नाही."

एका उन्हाळ्यात आत्या गेली. माळ्यानं मुलीला झाडांना सांगून यायला पाठवलं. सगुणा बागेच्या कवाडापर्यंत गेली आणि तिचा पाय अडला. आजोबा गेल्याचं ऐकून जुना चाफा वाळला होता, हे तिनं आत्याच्याच तोंडून ऐकलं होतं. आत्या तर गेलीच. आता तिची बागही गेली तर राहिलं काय? तिनं आत्याची काकणं हातांत चढवली, ती खळखळवत पाणी घातलं, आणि घरी येऊन सांगून आल्याची थाप मारली.

बाग फुलली. अशी फुलली की सारं गाव बघायला आलं. पण फुलांना वास नव्हता, आणि बागेत एकही पाखरू उतरत नव्हतं.

एके दिवशी भर दुपारी सगुणा काकणं काढून रोपं लावायला बसली, आणि जास्वंदीच्या आडून काकणं खळखळली. तिनं आपले हात पाहिले. हात मोकळे होते; काढलेली काकणं शेजारी मातीवर तशीच होती.

घाबरून तिनं काकणं पुन्हा चढवली, तेव्हा तो आवाज थांबला. पण संध्याकाळी ती निघेनात. कालपर्यंत कोपरापर्यंत सरकणारी काकणं मनगटात रुतून बसली होती. दिवसेंदिवस तिची चाल जड झाली, बोलण्यात आत्याचे शब्द यायला लागले. एकदा ती पाठमोरी उभी असताना बापानं हाक मारली, "अक्का, जेवायला चल." ती वळली. तरी बापाला चूक कळली नाही. तो तिच्याकडे बघून ओळखीचं हसला.

सगुणाला आता उमगलं. बागेला आत्या हवी होती, आणि बाग तिचीच आत्या करत होती. आणखी थोड्या दिवसांनी सगुणा म्हणून कुणी उरणार नव्हतं.

ती धावत जास्वंदीपाशी गेली आणि मातीवर हात टेकला. लहानपणी आत्यानं तिचा हात धरून असाच मातीवर ठेवला होता. ते आठवून तिला रडू फुटलं.

"आत्या गेली," ती म्हणाली. "मी सगुणा. मी तुमच्याशी खोटं वागले. आता पाणी मी घालीन."

एकेका झाडापाशी थांबून ती तेच सांगत गेली. शेवटच्या झाडाला सांगून झालं तेव्हा वारा नसताना बाग हलली, आणि सगळी फुलं, सगळी पानं एकदम खाली आली. त्या पाचोळ्यात तिच्या हातांतली काकणं आपसूक गळून पडली. घरातून बापाची हाक आली, "सगुणे, कुठे आहेस?"

तेरा दिवस बाग उघडीबोडकी उभी होती. सगुणा रोज पाणी घालत राहिली. चौदाव्या दिवशी मोगऱ्याला कळी आली. एकच, पण तिचा वास घरापर्यंत आला. जास्वंद मात्र पुन्हा फुटली नाही. तिच्या मुळाशी सगुणानं काकणं पुरली.

तेव्हा लहानथोरांनो, ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला वाईट बातमीही खरीच सांगावी. खोट्यानं वाचवलेलं आपलं राहत नाही.