उताराची राखणदारीण

डोंगराच्या कुशीत एक रान होतं, मुलांनो, आणि त्या रानात एक सशीण होती. स्वभावाने मायाळू, पण बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. तिला तीन पिल्लं होती आणि जुन्या रीतींचा भारी अभिमान होता. त्या रानाची सगळ्यांत जुनी रीत उताराची. बिळांच्या वर गवताचा एक मोठा उतार होता. गवताचं बी पिकून झडेपर्यंत तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही, चरणं तर दूरच. बी झडलं की मग सगळ्यांनी मिळून चरायचं. या उतारावर लक्ष ठेवायला दर वर्षी एक राखणदार निवडत. निवड कशी? दोन उमेदवार मोठ्या कातळावर उभे राहत आणि ज्याच्या मागे जास्त जनावरं जाऊन थांबत, तो राखणदार.

त्या वर्षी पाऊस भाद्रपदातच पळाला. खालचं गवत वाळून गेलं, उतार तेवढा हिरवागार राहिला. तेव्हा एक तरणाबांड सांबर पुढे आला आणि म्हणाला, "मी राखणदार झालो, तर त्याच दिवशी उतार खुला करीन. डोळ्यांसमोर घास आहे आणि माझ्या पाडसाच्या बरगड्या दिसायला लागल्यात. कसली रीत घेऊन बसलात?" पुष्कळ जणांनी माना डोलावल्या. सशिणीला मात्र हे पटलं नाही. बी झडायच्या आधी गवत खाल्लं, तर पुढच्या वर्षी तिथे उगवणार काय, माती? आणि तिची पिल्लं खाणार काय? तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "मग मीही उभी राहते!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. "हसू देत," सशीण म्हणाली, आणि निघाली दारोदार. पहिलं दार साळिंदराचं. सशीण सुरू झाली, "आपल्या आज्यापणज्यांनी ही रीत घालून दिली, त्यांनी किती सोसलं, आणि आपण..." साळिंदराने मोठी जांभई दिली. "बाई गं, आज्यापणज्यांना राहू दे. माझ्या पोटाचं काय ते बोल."

सशीण ओशाळली. पण शहाणी होती, लगेच सुधारली. "बरं, पोटाचं बोलते. पलीकडची बोडकी टेकडी आठवते का तुम्हाला? तिथेही असंच गवत होतं. एका वर्षी बी झडायच्या आधीच सगळे त्यावर तुटून पडले. आज तिथे दगड आहेत, चाटा!" साळिंदर उठून बसलं. मग म्हणालं, "हे आधी सांगायचंस की! येतो मी तुझ्या मागे." तेव्हापासून सशीण कुणाच्याही दारात गेली की आधी विचारायची, "पोरंबाळं कशी आहेत? खायला मिळतंय ना?" आणि ऐकत बसायची. ऐकून झालं की टेकडीची गोष्ट सांगायची. एकेक घर तिच्याकडे वळू लागलं. साळुंकी तर रोज झाडावरून तिच्याच नावाचा गजर करायची.

आता गंमत ऐका. निम्मी घरं उताराच्या वरच्या अंगाला होती. तिकडे जायचं तर ओढ्याकाठाने मोठा वळसा. सुरुवातीला सशीण वळशानेच गेली. पण पाय दुखायला लागले, पिल्लं बिळात एकटी, दारं अजून कितीतरी राहिलेली. एकदा तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सुळ्ळकन उतारावरून गेली. 'रीत वाचवायलाच तर धावतेय,' असं मनाशी म्हणाली. दुसऱ्या खेपेला तेवढंही म्हणावं लागलं नाही, आणि मग ती रोजच तिथून जाऊ-येऊ लागली. गवत तिच्या कानांहून उंच, त्यामुळे आपल्या पावलांखाली काय होतंय ते तिला कधी दिसलंच नाही.

निवडीच्या दिवशी सगळं रान कातळाभोवती जमलं. मध्ये म्हातारा गवा, निवाडा करायला. सांबर थोडकंच बोलला. मग सशीण कातळावर चढली. आज तिची जीभ अशी काही चालली म्हणता! बोडकी टेकडी झाली, पिल्लांची पोटं झाली, आणि शेवटी तिने ऐटीत पंजा उंचावला. "वळून बघा आपल्या उताराकडे! एवढ्या दुष्काळातही कसा अभंग राहिलाय!"

सगळे वळले. हिरव्यागार उताराच्या मधोमध, खालून थेट वरपर्यंत, एक पिवळी रेघ गेली होती. तुडवून तुडवून झालेली पायवाट. कातळावरून ती सशिणीलाही दिसली, आयुष्यात पहिल्यांदाच. तिचे कान खाली पडले.

"ही वाट कुणाची?" सांबराने विचारलं.

"रानडुकराची, दुसऱ्या कुणाची असणार?" साळुंकी ओरडली. "ते मेलं आजही आलेलं नाही!" सशिणीच्या बाजूचे सगळे एका सुरात म्हणाले, "हो हो, रानडुकराचीच!" रानडुक्कर खरंच तिथे नव्हतं. गप्प राहिलं की काम फत्ते होतं, मुलांनो. सशिणीला ते कळत होतं. तिने खाली आपल्या पिल्लांकडे पाहिलं. ती आईकडेच बघत होती.

"वाट माझी आहे," ती म्हणाली. "वळसा घालायचा कंटाळा केला मी. रीत काय सांगते? जो बी झडण्याआधी उतारावर पाऊल टाकेल, त्याने उतार खुला झाल्यावर सगळ्यांच्या शेवटी चरायचं. या वर्षी शेवटच्याला नुसती खुंटं उरतील. तरी ती शिक्षा मला लावा."

सांबराला तिची दया आली. खरंच आली. तो म्हणाला, "अगं, कशाला जिवाला लावून घेतेस? मी निवडून आलो की उतार आत्ताच खुला. मग वाटही नाही आणि शिक्षाही नाही. ये, माझ्या मागे उभी राहा."

"नको दादा," सशीण म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझी चूक झाली म्हणून रीत चुकीची होत नाही. मला निवडू नका हवं तर. पण उतार राखा रे बाबांनो!"

मग म्हातारा गवा हळूहळू कातळाला वळसा घालून सशिणीच्या मागे जाऊन थांबला. त्याच्या मागोमाग साळिंदर गेलं. शरमलेली साळुंकी झाडावरून उतरली. असं करता करता निम्म्याहून जास्त रान तिच्या मागे आलं. काही सांबराकडेच राहिले. त्यांच्यावर रागावू नका हं, भूक काही खोटी नसते. सशीण राखणदारीण झाली आणि पहिला हुकूम तिने आपल्या शिक्षेचा काढला.

यथावकाश बी पिकलं, वाऱ्याने झडलं आणि उतार खुला झाला. काय झुंबड उडाली म्हणून सांगू! सशिणीची पिल्लं उड्या मारत गेली, सांबराचं पाडस गेलं. सशीण एकटी करवंदीच्या जाळीपाशी वाळकी साल चघळत बसली. पोटात नुसती आग पडली होती. तेवढ्यात सांबर तोंडात गवताची पेंडी घेऊन आला आणि हळूच तिच्यासमोर ठेवून म्हणाला, "घे, खा. कुणाचं लक्ष नाही."

सशिणीच्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगू? पण तिने मान हलवली. "पिल्लांचं लक्ष आहे की!"

सांबराने वळून पाहिलं. गवतातून कानांच्या तीन जोड्या ताठ उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी त्याचं स्वतःचं पाडसही चरायचं थांबून इकडेच बघत होतं. त्याने पेंडी उचलली, पाडसापुढे नेऊन टाकली आणि तो परत आला. मग पाय दुमडून सशिणीच्या शेजारी बसला.

"तुम्ही चरा ना दादा," सशीण म्हणाली. "तुमचं काय अडलंय?"

"होऊ दे सगळ्यांचं," सांबर म्हणाला. "मग आपण दोघं जाऊ."

तात्पर्य : जी रीत इतरांनी पाळावी असं आपल्याला वाटतं, तिचा जाच आधी आपण सोसावा, मग न पटणाराही तिच्यासाठी आपल्या शेजारी येऊन बसतो.