मोहऱ्याच्या चामखिळी

सोनकेगडच्या सर्जेराव राजांच्या नव्या घोड्याला चामखिळी फुटल्या. घोडा दोन वर्षांचा, पाठीवर नुकतं खोगीर चढलेलं, नाव मोहऱ्या. नाकपुड्यांभोवती, ओठांवर हरभऱ्याएवढ्या गाठीच गाठी. आणि दसऱ्याला सीमोल्लंघनाला आपण याच घोड्यावर बसणार, असं राजांनी पाव्हण्यारावळ्यांना कळवूनही टाकलेलं!

मग काय, सगळी गढी त्या मुक्या जिवाच्या तोंडाला लागली. गुंडोपंत सालोत्री म्हणजे राजांचा घोड्यांचा वैद्य. त्यानं दहा गाठी छाटल्या, तर महिन्यात वीस आल्या. वीस डागून वर लेप थापला, तर चाळीस आल्या. कारभाऱ्यांनी मोरचूद चोळला. राजांच्या मामांनी गाठींना घोड्याच्याच शेपटीचे केस आवळले. याला कारण राजेच. रोज दरबारात बसले की घोड्यासाठी काल कुणी काय केलं ते विचारायचे, आणि ज्याला सांगता आलं नाही त्याचा चारचौघांत पाणउतारा करायचे. म्हणून जो तो काहीतरी करून यायचा. घोडा बरा होतोय का, हे बघायला कुणाला सवड होती?

बघत होती एकटी हौसा. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार म्हाळूची बायको, पागेत शेणघाण काढायची. माहेर धनगरांचं. बापाच्या तळावर तट्टांच्या शिंगरांना असल्या गाठी यायच्या, तीनेक महिन्यांत सुकून गळून जायच्या. तिकडं कुणी वळूनसुद्धा बघायचं नाही. तिनं हे नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, पंतांपुढं आपलं कोण ऐकतंय, तू गप बस.

नागपंचमीला गुंडोपंत पुन्हा सुरी घेऊन वाकला, आणि मोहऱ्यानं त्याच्या खांद्याचा कडकडून चावा घेतला. राजे समोरच उभे. पंत शेणात लोळला. हौसाला हसू आवरेना.

राजे भडकले. "वैद्याला हसतेस? मग तूच कर बरा. सुरी नाही, डाग नाही, औषध नाही. दसऱ्याला एक जरी गाठ दिसली, तर घोडा चुन्याच्या घाणीला जुंपीन आणि त्याच्या जोडीला तुझा नवरा!"

गुंडोपंत खांदा चोळत म्हणाला, "सरकार, ही चोरून माझाच लेप लावील. घोड्याला हातच लावायचा नाही, एवढं घाला हुकमात."

राजांना ते फार आवडलं.

हौसानं पदर खोचला. "कबूल, सरकार. पण मग तो हुकूम सगळ्यांना असू द्या. न्हाईतर गाठी गेल्यावर पंत म्हणतील, माझ्या लेपानं गेल्या."

राजांनी तसा हुकूम काढला. मोहऱ्याला पागेमागच्या कुंपणाच्या वाडग्यात मोकळं सोडलं आणि दारावर भालाईत उभा केला. हौसा लांबूनच चारा टाकायची, पाणी ओतायची.

आता गंमत बघा. हात लावायचा नाही म्हटल्यावर गढीतल्या प्रत्येकाचे हात शिवशिवायला लागले. कारभारी मोरचूद घेऊन चार वेळा आले. मामांनी तर लांब काठीच्या टोकाला केस बांधून आणले आणि म्हणाले, यात हात कुठं आला?

हौसा म्हणाली, "मामासाहेब, काठी काय पायानं धरलीय?"

गुंडोपंत कुंपणावर चढला आणि निवडुंगात पडला. खुद्द राजे तीनदा आले. नुसतं चाचपून बघतो म्हणाले. भालाईताला घाम फुटला, पण हौसानं राजांचाच हुकूम राजांना ऐकवून परत पाठवलं.

घटस्थापनेला आठ गाठी उरल्या होत्या. एवढ्या आठ उपटून टाकतो म्हणून म्हाळू वाडग्याकडं निघाला. हौसानं त्याला घरात कोंडलं आणि बाहेरून कडी घातली.

खंडेनवमीला शेवटची गाठ गळाली.

दसऱ्याच्या सकाळी भरल्या दरबारासमोर राजांनी मोहऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला. मऊ मखमल!

"केलंस तरी काय? सांग, बक्षीस देतो."

"काहीच न्हाई, सरकार."

गुंडोपंतानं तेवढंच धरलं. "ऐका! स्वतःच्या तोंडानं सांगतेय. मग बक्षीस कशाचं द्यायचं?"

हौसा त्याच्याकडं वळलीसुद्धा नाही. ती राजांना म्हणाली, "सरकार, काहीतरी करणारे तुमच्याकडं पन्नास हैत. दोन महिनं गप बसणारा यांतला एक काढून दाखवा. पंत कुंपण चढले, कारभारी चारदा आले, मामासाहेबांनी काठी आणली. आणि राग मानू नका, पर तुमचा सोताचा हात तीनदा मागं सारावा लागला. पन्नास जणांस्नी गप बसवलं, त्याचं बक्षीस द्या."

कारभारी पायातल्या जोड्यांकडं बघू लागले. राजांनी आपल्या हाताकडं बघितलं, मग मामांकडं, आणि असे खदखदून हसले की डोक्यावरचा मंदिल तिरपा झाला.

पागेची मुखत्यारी हौसाला मिळाली, म्हाळूला शेला-पागोटं. त्या दुपारी सीमोल्लंघनाला मोहऱ्याचा लगाम धरून हौसा सगळ्यांच्या पुढं चालली, आणि गुंडोपंत पार शेवटी, साठ घोड्यांची धूळ खात.