चांदरीचा चिखल

जनावरं आपापले संसार स्वतःच मांडत, त्या काळची गोष्ट. चांदरी म्हैस लग्न होऊन नदीकाठच्या कळपात आली. तिथली रीत अशी, की नव्या सुनेनं महिनाभर चिखलात लोळायचं नाही. अंगाला तेल चोपडून भर उन्हात उभं राहायचं, म्हणजे बघायला येणाऱ्यांना ती चकचकीत दिसते.

पहिल्या दिवशी चांदरीची पाठ भाजली, दुसऱ्या दिवशी कातडी सुटू लागली. पाहुण्या म्हशी सावलीत बसून म्हणाल्या, “काय तकाकी आहे हो!”

तिसऱ्या दिवशी भर बारा वाजता चांदरी सगळ्यांदेखत डबक्याकडे निघाली.

“सूनबाई, लाज आहे का काही?” सासू ओरडली.

“आहे ना, आत्याबाई. पण ती ठेवायला अंगावर कातडी तर हवी!”

असं म्हणून ती मानेपर्यंत चिखलात बसली.

सासू तरातरा काठावर आली. तिच्या पाठीवर जुने पांढरे चट्टे होते, तिच्या स्वतःच्या नवेपणातले. ती चांदरीकडे वाकली.

“पाठीवर थर जाड बसू दे गं,” ती हळूच म्हणाली. मग पाहुण्यांकडे वळून मोठ्यानं बोलली, “सून आता दिसायची नाही. ऊन उतरलं की या!”