राजकन्येचे मौन आणि वालाच्या शेंगा

पूर्वी उत्पलावती नगरात अरिंदम राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. त्याचे नाव शीलगुप्त.

राणी वारली आणि राजाची लहान मुलगी सुमना बोलेनाशी झाली. राजाने आधी लाडीगोडी लावली, मग धाक घातला. शेवटी वैद्यांचे ऐकून त्याने तिच्या जिभेला तापल्या सळईचा चटका देवविला. मुलीने डोळे मिटून घेतले, पण शब्द काढला नाही.

"आता तुम्हीच तिला बोलती करा," राजा शीलगुप्ताला म्हणाला.

सुमना दिवसभर स्वयंपाकघराच्या ओसरीवर बसून असे. शीलगुप्ताने तिला काहीच विचारले नाही. आचाऱ्याकडून वालाच्या शेंगा मागून घेतल्या आणि तिच्या शेजारी बसून सोलू लागला. हातात जी शेंग असे, तिच्यावरच त्याचे लक्ष असे. रोज तो येई, शेंगा सोली आणि उठून जाई. पुढे मुलगीही एखादी शेंग उचलू लागली.

अमात्य शेंगा सोलत बसतो हे कळताच राजा रागाने ओसरीकडे निघाला. दाराशी येतो तोच त्याच्या कानावर शब्द आले, "काका, त्या शेंगेत अळी आहे."

"हो की," म्हणत शीलगुप्ताने ती शेंग बाजूला ठेवली.

राजा धावत पुढे झाला. "बाळ, बोललीस तू. आता माझ्याशी बोल."

सुमनाने दोन्ही हातांनी तोंड घट्ट झाकून घेतले.

राजा जागीच थबकला. मुलगी आपल्यापासून जीभ लपवते आहे, हे पाहून त्याची मान खाली गेली. "अमात्य, मी काय करू?"

"महाराज, टोपलीत शेंगा पुष्कळ आहेत."

राजा खाली बसला. त्याला सोलता येईना, दाणे घरंगळून जात. मुलीकडे पाहण्याचे धैर्य त्याला होत नव्हते. त्या दिवशी ती बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. राजा मात्र येत राहिला. आधी तो तिच्या शब्दाची वाट पाही. मग तेही सुटले.

एका सकाळी सुमनाने त्याच्या हातातली शेंग काढून घेतली. "बाबा, अशी नाही. शिरेकडून उघडायची."

डागलेल्या जिभेमुळे तिचे बोल बोबडे येत होते. ते पुढेही तसेच राहिले, आणि ते ऐकताना राजाला जन्मभर लाज वाटली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षू उग्गसेनासाठी सांगितली. शोकाने मुकी झालेल्या एका उपासिकेला त्याने सकाळभर उपदेश करून रडवले होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा हा उग्गसेन होता, सुमना ही उपासिका होती आणि अमात्य मीच होतो. ओढाताण न करता, हातातल्या कामात जागे राहून थांबणे, ही क्षांती."

उग्गसेनाने मान वर केली नाही. उपासिका विहाराचे अंगण झाडत होती. तो उठला, दुसरा झाडू घेतला आणि काही न बोलता पलीकडच्या टोकाकडून झाडू लागला.