राजा आल्विन आणि मोरवेनाचे पाय

एका राज्यात, जिथल्या चर्चची घंटा सात गावांना ऐकू जाई, आल्विन नावाचा राजा होता. देवभक्त, दयाळू आणि, खरं सांगायचं तर, जरा भाबडाच. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तो बारा गरिबांचे पाय स्वहस्ते धूत असे. मग अभिमानाने बिशपांना म्हणे, "पाहा, माझ्या राज्यात गरिबांचेसुद्धा पाय किती स्वच्छ!"

ते स्वच्छ का असत, ते मी सांगतो. मागल्या दारी कारभारी बर्थोल्ड त्या बाराजणांना ओळीने बसवी आणि नोकरांकडून पाय तीन-तीनदा घासून घेई. वर गुलाबपाणी! महाराजांच्या हाताला घाण लागायला नको ना. राजाला याचा पत्ताच नव्हता.

एका वर्षी त्या गुरुवारी मागल्या दारी मोरवेना नावाची म्हातारी आली. पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले, टाचा भेगाळलेल्या. बर्थोल्डने नाक मुरडलं. "हे पाय राजाने धुण्याजोगे नाहीत," म्हणाला आणि दार लावून घेतलं. आता हा शहाणा! म्हातारी चेटकीण निघाली.

"माझे पाय राजाने धुतले नाहीत," ती दाराबाहेरून कडाडली, "म्हणून राजकन्येचे पाय दगड होवोत! पुढच्या वर्षी याच गुरुवारी, सूर्य मावळेपर्यंत त्याने ते धुतले नाहीत, तर दगड तिच्या काळजाला भिडो!"

अंगणात राजाची एकुलती लेक हिल्दा खेळत होती, सात वर्षांची. ती जागच्या जागी थांबली. पावलं दगडाची झाली होती.

राजाने अन्नपाणी सोडलं. तेव्हा धुराड्यावरचा करकोचा बोलला, "राजा, हा शाप देणारी मोरवेना तीन अरण्यांपलीकडे राहते. तिचे पाय धू."

"कशाने धुऊ?"

"तस्त, पाणी, पंचा. एवढंच लागतं."

एवढंच! पण राजाच तो. साधं तस्त त्याला कसं चालणार? पहिल्या अरण्यात शापित खजिना होता. एकाहून जास्त वस्तू उचलणारा तिथेच सोन्याचा होई. राजाने सोन्याचं तस्त तेवढं उचललं. दुसऱ्या अरण्यातला बोलका झरा पापं कबूल केल्याखेरीज थेंबही देत नसे. राजा तीन दिवस कबूल करत बसला, शेवटी झराच कंटाळून म्हणाला, "पुरे, भरून घे." तिसऱ्यात आठ पायांच्या कोळ्यांच्या राणीने मोबदल्यात राजाची दाढी मागून घेतली आणि रेशमी पंचा विणायला चार महिने लावले. वर्ष सरलं. तिकडे दगड हिल्दाच्या बरगड्यांपर्यंत चढला.

त्या गुरुवारी, ऊन कलताना, राजा म्हातारीच्या खोपटापाशी पोचला. गुडघ्यांवर बसला. सोन्याचं तस्त मांडलं.

"अगबाई, सोन्याचं!" म्हातारी ठसक्यात म्हणाली. "थांब राजा, आधी पाय धुऊन येते."

"आधी का, आजी?"

"तुझ्या वाड्याची रीतच आहे ती. मागल्या दारी नोकर धुतात, मग पुढल्या दारी तू धुतोस."

राजाचे कान तापले. वीस वर्षं आपण धुतलेलेच पाय धूत आलो! लाजेने त्याला मान वर करवेना. "आजी," तो म्हणाला, "दुसरं भांडं आहे?"

"डुकरांचं आहे. लाकडी."

"तेच दे."

त्याने विहिरीचं पाणी ओढलं, अंगातला सदरा फाडला आणि लागला धुवायला. चिखल, शेण, बोटांच्या बेचक्यांत रुतलेले काटे. आणि राजाला येतंय कुठे! "अरे, टाच घास, टाच! गुदगुल्या काय करतोस?" म्हातारी ओरडली आणि हसत सुटली. तीनदा पाणी बदललं तेव्हा कुठे कातडी दिसली. सूर्य टेकडीला टेकला होता.

"ऊठ, राजा," म्हातारी म्हणाली. "शाप उतरला."

करकोचा उडत आला. "हिल्दा धावते आहे," त्याने सांगितलं. राजा तिथेच ढसाढसा रडला. हुश्श! मलाही सांगताना आत्ता बरं वाटलं.

पुढे वाड्याचं मागलं दार चिणलं गेलं, दर वर्षी त्या गुरुवारी विहिरीचं पाणी ओढायचं काम बर्थोल्डकडे आलं आणि राजाच्या पश्चात लोक त्याला संत मानू लागले. पण तो घरी परतला तेव्हाचं सांगायचं राहिलंच. हिल्दा चिखल तुडवत समोर धावली. बर्थोल्ड घाईघाईने पाणी घेऊन आला.

"ठेव ते," राजा म्हणाला आणि बाह्या सारून खाली बसला.

वर्षभर दगड झालेली ती पावलं त्याने हातात घेतली. हिल्दाने पाय मागे ओढला.

"बाबा, गुदगुल्या होतात ना!"